अक्काच्या डाव्या पायाचा मोजा

कोपरी, ठाणे पूर्व
कोजागिरीनंतरचा रविवार

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग नमस्कारात कपाळ कुणाच्या पायाशी टेकतं ते लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.)

तुझा गुडघा कसा आहे? आंबोलीला थंडी सुरू झाली असेल. अंगणातलं शेवाळ वाळलं का? पायरीवर चुना टाकायला प्रशांतला सांग. (तुझा मुलगा तो टाकणार नाही. तरी सांग.) इकडे मी बरा आहे. रतनही बरी आहे. तिचं मोठं पातेलं मात्र बरं नाही. ते आतून पिवळं झालं आहे आणि घासून जात नाही. ती माझ्याशी बोलते, पण पातेल्याकडे बघत बोलते.

पत्र लिहायचं कारण असं की फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ते तू कबूल करत नाहीस. मी काहीही म्हटलं तरी तू 'होय होय' म्हणतेस आणि मग फोन प्रशांतकडे जातो. परवा तो असाच गेला आणि त्याच्याकडून तुझा निरोप मिळाला. त्याने तो तुझ्याच शब्दांत दिला. (त्याला मजा येत होती, असं मला वाटलं.) "मामा, आई म्हणता, ती लोकर व्हाळात सोड. नायतर तुळशीच्या लग्नाक येव नको."

अक्का, मी लोकर व्हाळात, ओढ्यात, कुठेच सोडणार नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल. आणि तुळशीच्या लग्नाला मी येणार आहे. भावजी होते तेव्हापासून तुझ्या तुळशीचा मामा मी आहे. दरवर्षी तिच्यामागे उभा राहतो. कृष्णाच्या बाजूची माणसं बदलली (एका वर्षी बस बंद पडली म्हणून कंडक्टर उभा होता), पण मामा बदलला नाही. आता नवा कुठून आणणार आहेस? प्रशांत चालणार नाही. तो तुझा मुलगा, म्हणजे तुळशीचा भाऊ. भावाला मामा होता येत नाही. याचा तू निरोप पाठवण्याआधी विचार करायला हवा होतास.

आता झालं ते सांगतो. तुला जे कळलं ते आपल्या फॅमिली ग्रुपवरून कळलं. तिथे लिहिलं होतं म्हणे, की गुणाजीने देवीची फुलं चोरून त्याचे मोजे केले. फुलं मी चोरली नाहीत. ती मला सोपवलेली होती. आणि मोजे केलेले नाहीत. मोजा केला आहे. एकच.

सुरुवात माझ्या मनगटापासून. पंखा पुसताना स्टुलावरून पडलो ते तुला माहीत आहे. प्लास्टर निघाल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला स्पंजचा चेंडू दिला आणि तो सकाळ-संध्याकाळ दाबायला सांगितलं. अक्का, मी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली. माझ्या टेबलावरून पुढे गेलेला भाग पुन्हा कुणी मोजला नाही. तो माणूस आता खुर्चीत बसून चेंडू दाबतो, आणि दाबून काहीच तयार होत नाही. चेंडूचा पुन्हा चेंडूच होतो. शेवटी मी तो खालच्या कुत्र्याला दिला. तेव्हा पहिल्या मजल्यावरची मृणाल म्हणाली, काका, विणकाम करा, बोटांना तेवढंच काम. (मृणाल घोडबंदर रोडला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाते. कंपनीच्या बसमध्ये बसून विणते. त्या रस्त्यावरची गर्दी अशी की ऑफिसला पोचेपर्यंत स्वेटरची एक बाही होते.) तिने मला सुलट आणि उलट असे दोन टाके शिकवले. बाकी सगळं विणकाम या दोन टाक्यांतच आहे, असं ती म्हणाली. ते खरं निघालं.

पुरुषाने विणू नये, असं मला बिल्डिंगमध्ये तोंडावर कुणी म्हणालं नाही. फक्त मी गॅलरीत सुया घेऊन बसलो की समोरच्या गॅलऱ्यांतली माणसं जास्त वेळ दात घासायची. मी बसत राहिलो. त्यांचे दात स्वच्छ झाले. पहिला मफलर केला तो वर जाता जाता रुंद होत गेला. रतनने त्याचं पायपुसणं केलं. मग मी मोज्यांकडे वळलो. मफलर म्हणजे सरळ रस्ता, त्यात तपासण्यासारखं काही नाही. मोज्याला टाच असते. चार सुयांवर टाके गोल घ्यायचे, पाचवीने विणत खाली यायचं, आणि टाचेपाशी आलं की ती सरळ नळी काटकोनात वळवायची. शिवण नाही, जोड नाही. कारखान्यात असा कोपरा काढायला आम्हाला दोन माणसं आणि वेल्डिंग लागायचं. माझी पहिली टाच वळली तेव्हा मी सुयांसकट ती रतनला दाखवायला स्वयंपाकघरात गेलो. तिने नीट पाहिली. म्हणाली, छान आहे, पण ठाण्यात लोकरीचे मोजे घालणार कोण?

इथे तू येतेस. माघात मी तुझ्याकडे आलो होतो. सकाळी धुक्यात तू अंगणात उभी होतीस आणि पायांत भावजींचे ऑफिसचे मोजे होते. नायलॉनचे. एकाच्या अंगठ्याला भोक, दुसऱ्याचं इलॅस्टिक गेलेलं. मी विचारलं, लोकरीचे का घालत नाहीस. तू म्हणालीस, बाजारातले घातले की पाय सोलून निघतात. सावंतवाडीच्या डॉक्टरने सांगितलं होतं की लोकर बाधत नाही, लोकरीचा रंग बाधतो. मग पांढरे घाल, असं मी म्हटलं, तर म्हणालीस की पांढरे मोजे आजाऱ्यासारखे दिसतात. म्हणजे तुला मोजे लोकरीचे हवेत, रंगीत हवेत, आणि रंग मात्र रंगाचा नको. ही अट तू घातलीस, मी नाही. या सगळ्या प्रकरणात पहिली अडचण तूच तयार केली आहेस.

मृणालने उपाय सांगितला. झाडपाल्याचा रंग. न रंगवलेली पांढरी लोकर तिनेच मागवून दिली. लोकर तुरटीच्या पाण्यात उकळायची (तुरटी माझ्याकडे दाढीची होतीच), म्हणजे रंग धरून राहतो. मग डाळिंबाची साल, कांद्याची सालं, झेंडूची फुलं, जे हाती येईल ते उकळून गाळून त्यात लोकर सोडायची. कांदा मी लगेच बाजूला केला. तुझा चातुर्मास होता. डाळिंबाचा नमुना शेवाळासारखा निघाला, आणि शेवाळ तुझ्या अंगणात पुरेसं आहे. हळदही करून पाहिली. रंग सुरेख आला. धुवायला घेतला, साबण लावला आणि पिवळी लोकर माझ्या हातात लालभडक झाली. मला वाटलं सुई लागली, रक्त आलं. मी हात वर धरून घरभर फिरलो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे घरातल्या सगळ्या बायकांना माहीत असतं, मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. रतनने हातावर लिंबू पिळलं आणि ती गेली. जाताना हसत होती.

राहिला झेंडू. आमच्या बिल्डिंगमध्ये नवरात्रात खालच्या हॉलमध्ये सगळ्यांचा मिळून एक घट बसतो. रोज एक माळ चढते. माळा चेअरमन तानाजींच्या आई, मीराबाई, स्वतः ओवतात. वय झालं तरी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. दोरासुद्धा वापरत नाहीत, केळीच्या सोपटात, म्हणजे वाळल्या सालीच्या धाग्यात, ओवतात. दसऱ्याला घट उठला, आणि निर्मळ माणूस म्हणून निर्माल्याची पिशवी दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे आली. ती मी खाडीवर नेली. चालत नेली, चपला बगलेत धरून नेली. तिथे निर्माल्यासाठी ठेवलेला कलश भरून वाहत होता. वरच्या थरात हार होते, शहाळी होती, आणि एक चप्पल होती. डाव्या पायाची, रबराची, अंगठा तुटलेली. देवीच्या माळा मला या चपलेच्या शेजारी ठेवायच्या होत्या, आणि ठेवल्या असत्या तर बिल्डिंगमध्ये कुणाचंही काही म्हणणं नव्हतं. मी पिशवी परत आणली.

तू म्हणशील, विसर्जन करायचं होतं. केलं. पाण्यातच केलं. फक्त पाणी उकळतं होतं.

गच्चीवर शेगडी पेटवली, रतनचं मोठं पातेलं ठेवलं, माळा कात्रीने कापून आत टाकल्या. रंग लवकर उतरावा म्हणून थोडी तुरटी पातेल्यातही टाकली. लोकर शेजारी बादलीत भिजत होती. अक्का, तो रंग तू पाहायला हवा होतास. जिलेबी तळून झाल्यावर पाकाचा असतो तसा. मी पळीने ढवळत होतो, तेवढ्यात पाण्याची टाकी बघायला तानाजी वर आला. (तानाजी माणूस वाईट नाही. पण चेअरमन झाल्यापासून तो कुठेही गेला की पाहणी करतो.) त्याने विचारलं, काका, काय शिजतंय? मी म्हटलं, झेंडू. त्याने विचारलं, कुठला झेंडू? आता इथे मला बाजारातला असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, आपल्या घटाचा. त्याने पातेल्यात पाहिलं. वर केळीचं सोपट तरंगत होतं, त्याच्या आईच्या गाठीसकट. मग त्याने बादलीतल्या लोकरीकडे पाहिलं आणि तिचं काय करणार ते विचारलं. मी मोजे म्हटलं. तानाजी टाकीकडे न बघताच खाली गेला.

त्याच दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये सभा. एरवी सभेला माणसं जमवायला चहा सांगावा लागतो. त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की देवीची फुलं पायात कशी घालणार. डोक्याला टोपी केली असती तर समजू शकलो असतो, असं वरच्या मजल्यावरचे पंढरी म्हणाले. कोणी म्हणालं, स्वेटरपर्यंत चाललं असतं. म्हणजे विटाळ कमरेखाली सुरू होतो, असं त्यांनी हळूहळू आपसांत ठरवत आणलं. मी उभा राहून एवढंच विचारलं, की फुलं आपण देवीला वाहतो ती कुठे वाहतो? पायांवर वाहतो. नऊ दिवस ती पायांवरच होती. कुणीतरी मागून म्हणालं, काका, देवीचे पाय वेगळे. मी म्हटलं, मान्य, फरक किती ते सांगा. (ही माझी नोकरीची सवय. वेगळं आहे म्हणणं पुरत नाही, किती वेगळं आहे ते लिहावं लागतं.) मग मी विचारलं की दिवाळीला आपण उंबऱ्यापासून आत काय काढतो. लक्ष्मीचा चेहरा काढतो का? पावलं काढतो. मोठ्या माणसांच्या काय पडतो? पाया. ज्या अवयवाला सगळे नमस्कार करतात, तोच एक घाणेरडा कसा? मला वाटलं मी जिंकलो. मृणालने तर मागून टाळी वाजवायला हात वर केले होते.

तेव्हा मीराबाई बोलल्या. त्या पुढच्याच खुर्चीत बसल्या होत्या. "देवीचं देवी बघून घेईल. गुणाजी, माळा माझ्या हातच्या होत्या. फुलं हवी होती तर मला मागायची. मी नाही म्हटलं असतं. पण मागायची." मी त्यांना म्हटलं, चुकलं. बाकी हॉलला नाही म्हटलं, फक्त त्यांना म्हटलं. पण हॉलने ते सगळ्यांना म्हटल्यासारखं घेतलं आणि ठराव करून टाकला: पातेल्यातलं सगळं, फुलं आणि पाणी, दुसऱ्याच दिवशी खाडीत सोडायचं. मी वाटेत पुन्हा काही विचार करू नये म्हणून सोबत चेअरमनने जायचं.

तानाजीला दुसऱ्या दिवशी कल्याणला भाच्याच्या साखरपुड्याला जायचं होतं. परस्पर जाऊ म्हणून तो तयार होऊन आला. नवा शर्ट, मोतिया रंगाची सुती पँट. रिक्षावाल्याने पातेलं खाली ठेवू दिलं नाही, सीट पुढे सरकते म्हणाला, ते खरं नव्हतं. मग पातेलं मांडीवर कुणी घ्यायचं? मी हात पुढे केले. तानाजी म्हणाला, नको काका, तुमचं मनगट. (खरं कारण ठराव होता.) त्याने ते स्वतःच्या मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी, मोदकाचं ताट धरावं तसं. कोपरीतल्या गतिरोधकांबद्दल त्यानेच मागच्या महिन्यात अर्ज केला होता की ते फार लहान आहेत, गाड्या वेगात जातात. त्याचा अर्ज मंजूर झालेला आम्हाला दोघांनाही माहीत नव्हता.

पहिल्या नव्या गतिरोधकावर अर्धं पातेलं गेलं. दुसऱ्यावर उरलेलं.

आम्ही पातेलं आणि त्याच्या तळाशी उरलेला उकडलेल्या फुलांचा लगदा घेऊन खाडीवर पोचलो. तानाजी कमरेपासून घोट्यापर्यंत पिवळा होता. लगदा त्याने हात जोडून सोडला, मीही जोडले. मग तो तसाच कल्याणला गेला, कारण मुहूर्ताची वेळ होती. तिथे सगळ्यांना वाटलं की हा आधी कुठल्या तरी हळदीला जाऊन आला आहे. त्यांनी त्याला जेवायला पहिल्या पंगतीत बसवलं. पँट नंतर साबणाने धुतली, सोड्याने धुतली, लाँड्रीत दिली. रंग हलला नाही. तुरटीचं हेच काम असतं. तर अक्का, देवीच्या फुलांचा रंग पायांना कुणाच्या लागला असेल तर तो आमच्या चेअरमनच्या, तोही ठरावाने. हे ग्रुपवर कुणी लिहिलं नाही. आता तो ती पँट घालून रोज सकाळी चालायला जातो. मी एकदा म्हटलं, रंग चांगला दिसतो तुला. तो म्हणाला, "काका, आता एक शब्द बोलू नका." पण पँट बदलली नाही.

यानंतर मी लोकरही खाडीत सोडून गप्प बसावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मी दोन दिवस थांबलो आणि घरात, स्वयंपाकघरात, दार लावून लोकर रंगवली. सावलीत वाळवली. मग गॅलरीत बसून तिचा मोजा विणायला घेतला, सगळ्यांना दिसेल असा. रंग सोनेरी, थोडा तांबूसकडे झुकलेला. बिल्डिंगने निष्कर्ष काढला की काकांनी काही माळा लपवून ठेवल्या होत्या. कुणी विचारायला आलं नाही. मीही सांगायला गेलो नाही. फक्त मीराबाई एकदा वर येऊन बसल्या, मोजा हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि परत दिला. टाच छान आली म्हणाल्या. मग त्याचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर गेला, तिथून आपल्या ग्रुपवर, तिथून प्रशांतकडे, आणि प्रशांतने तो तुला मोठा करून दाखवला.

आणि तू मला येऊ नको म्हणून सांगितलंस.

अक्का, बाहेरच्यांशी मी वाद घातला. तुझ्याशी घालत नाही, फक्त आठवण करून देतो. मी जन्मलो तेव्हा आई अंथरुणाला होती आणि मला न्हाऊ तू घालायचीस. नहाणीत पाटावर पाय पसरून बसायचीस, मला पायांवर पालथा घालायचीस आणि वरून पाणी ओतायचीस. हे तूच मला लग्न होईपर्यंत दर पाहुण्यासमोर सांगितलंस. (रतनला बघायला गेलो तेव्हाही सांगितलंस. तिने तरी होकार दिला.) माणूस म्हणून मी पहिल्यांदा ज्या जागेवर आडवा झालो, ती जागा म्हणजे तुझे पाय. त्या पायांना देवीचं फूल चालत नसेल तर मला चालणारी देवी कुठली, हे तूच सांग. मी तुझ्या पायांबद्दल कुणाचं काही ऐकून घेणार नाही. तुझंही नाही.

तेव्हा मी द्वादशीला सकाळच्या गाडीने येतो. सावंतवाडीहून मिळेल ती बस धरेन. तू दार लावून घेतलंस तर अंगणात उभा राहीन. तुळस अंगणातच असते, माझं काम तिथेच आहे. जेवायला नाही घातलंस तरी मामाला उपाशी पाठवलं असं लोक तुलाच म्हणतील. थंडीची काळजी करू नको. माझ्याकडे मोजे आहेत. (नमुन्याचे. एक शेवाळी, एक लाल.)

रतनचा नमस्कार. पातेल्याचं मी तुला लिहिलं हे तिला सांगू नकोस.

तुझ्या पाया पडणारा आणि तुझं न ऐकणारा,
गुणाजी

ता. क. पाकिटात मोजा आहे. डाव्या पायाचा. तो दोऱ्याने मोजू नकोस, पायाच्या बाजूला धरून अंदाज करू नकोस आणि प्रशांतच्या पायात तर मुळीच घालून बघू नकोस. मी तपासणी खात्यातला माणूस आहे, अंदाजाचं माप स्वीकारत नाही. बरोबर आहे की नाही ते कळायला पाय आत घालावाच लागेल. एकदाच घाल. मापासाठी. मापासाठी घातलेला मोजा म्हणजे घातलेला मोजा नव्हे. गरम पाण्यात मात्र धुऊ नको. लोकर आटते. माझा एक नमुना आटून आता रतनच्या झाऱ्याच्या दांड्याला बसला आहे.

ता. क. दुसरं. हे फक्त तुला लिहितो. हा रंग फुलांचा नाही. फुलांचं पाणी सगळं तानाजीच्या पँटवर गेलं, लगदा खाडीत गेला, माझ्याकडे एक पाकळी उरली नव्हती. हा कांद्याचा आहे. स्टेशनबाहेर भजी तळणारा काळुराम सालं टाकून देतो, ती मी पिशवी भरून आणली. बिल्डिंगमध्ये हे सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. सगळे म्हणाले असते, बघा, काका सुधारले. मी सुधारलेलो नाही. फुलं असती तर फुलांचाच केला असता, म्हणून फुलांचा आरोप माझ्यावर राहू दिला. पण तू नाही म्हणणार असशील तर खऱ्या कारणासाठी म्हण. चातुर्मासात तू कांदा खात नाहीस, मला माहीत आहे. पायात घालू नये असं कुठे ऐकलेलं नाही. तरी मनाला लागत असेल तर तुळशीचं लग्न लागेपर्यंत मोजा फडताळात ठेव. त्यानंतर कांदा चालतो.

ता. क. तिसरं, आणि पत्र खरं यासाठी लिहिलं. उजवा मोजा मला फुलांचाच करायचा आहे. तुळशीच्या लग्नात तू तिला आणि कृष्णाला झेंडूचे हार घालतेस. ते हार ओवणारी तू, बाग तुझी, देव तुझे. लग्न लागलं की ते हार मला दे. दोन मोज्यांचा रंग एकसारखा येणार नाही, पण तुझे पाय तरी कुठे एकसारखे आहेत, उजवा संधिवाताने केव्हापासून मोठा आहे. मला ते हार न विचारता पिशवीत घालता आले असते. तुळशीमागे उभा मीच असतो आणि तेव्हा तुमचं सगळ्यांचं लक्ष अक्षतांकडे असतं. पण या वेळी आधी मागतो आहे. तू नाही म्हण. पण मी मागितले आहेत.

तोपर्यंत उजवा पाय गोधडीत ठेव.